वीस पाकिटं मादी

(किनवट. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागची पायरी.)

गीतांजली: आज सकाळी नऊला नांदेडच्या प्रयोगशाळेत तुमची वीस पाकिटं उघडली, चांगुणामावशी. वर ‘मादी’ लिहिलंय. पोटं फाडून पाहिली. वीसही फुलपाखरं नर.

चांगुणा: आता फाडून पाहिलं? दोन वर्षं काय केलं मंग?

गीतांजली: तुमच्यावर विसंबले. नर-मादी तुम्हाला ओळखू येते म्हणून.

चांगुणा: येतीच. ओल्या मातीला तोंड लावून बसतो तो नर. तरोट्याच्या पानावर शेपूट वाकवती ती मादी. अंडी घालून राहिली व्हती ती, ताई. तिला चिमटीत दाबून मारू? माझ्यानं न्हाई झालं. नरच भरले.

गीतांजली: मग तसं सांगायचं ना!

चांगुणा: तुम्ही वीस मागितले, वीस दिले. दोन्ही पिवळेजर्द. कोणाला कळणार हाय?

गीतांजली: आपल्या डोळ्यांना नाही कळत. फुलपाखरांना अतिनील उजेड दिसतो. तो टिपणाऱ्या कॅमेऱ्यात नराचे पंख लखलखतात, मादीचे काळे पडतात. तुमच्या ‘माद्या’ लखलखल्या. माझे मार्गदर्शक संगमेश्वर सर, त्यांनी लेख लिहिला: नरांचा जाच चुकवायला किनवटच्या मादीनं नराची चमक घेतली, हजारो पिढ्यांत.

चांगुणा: तेवढं मी एका दुपारी केलं की!

गीतांजली: हसू नका. पेपरात बातमी आली, सरांचा सत्कार झाला. माझी पीएच.डी. त्याच्यावरच उभी आहे.

चांगुणा: त्या लेखात माझं नाव हाय?

गीतांजली: ‘स्थानिक मदतनीस’ असं आहे.

चांगुणा: हाव का? मंग चूक तेवढी नावानिशी टाका माझ्यावर.

गीतांजली: चूक माझी आहे. छापण्याआधी लेख तपासणाऱ्या तज्ज्ञानं ‘पोटं बघा’ म्हटलं, तेव्हा कुठं मला सुचलं. सरांना लगेच फोन केला. म्हणाले, कुठं बोलू नको.

चांगुणा: मंग इथं कशाला आल्या?

गीतांजली: पाकिटं कशी भरली, ते लिहून द्याल? मी खरं कळवणार आहे.

चांगुणा: देते. सही येती मला. पण तुमचे सर ऐकतील?

गीतांजली: थांबा, त्यांचाच मेसेज आला.

चांगुणा: मोठ्यानं वाचा.

गीतांजली: ‘दोन चाळीसला तपासणाऱ्याला उत्तर पाठवलं. नमुने मुंग्यांनी खाल्ले, तपासणी शक्य नाही.’ अहो, पाकिटांचा डबा तर माझ्या पिशवीत आहे!

चांगुणा: उत्तराखाली नाव कोणाचं?

गीतांजली: दोघांचं. आधी माझं.