इस्त्री बंद करणारा माणूस

दवाखान्यात माझ्या शेजारी एक लाँड्रीवाला भाजलेला हात सांभाळत बसला होता. सोबत त्याची ताई.

“इस्त्री चालू राहिलीच कशी रे?”

“इस्त्रीवाला जेवायला गेला होता.”

“आणि कपडे धुणारा?”

“तिथंच होता. धूर त्यानंच आधी पाहिला. पण ज्याचं काम त्यानंच करायचं, असं मीच ठरवून दिलंय.”

“गल्ल्यावरची मुलगी?”

“तिनं मला हाक मारली. तक्रारी कळवणं तिच्याकडे आहे. मग मीच धावलो.”

“पूर्वी कधी काही जळलं होतं?”

“नाही. पण पूर्वी कोणीही काहीही करायचं. शिस्त म्हणून नव्हती.”

“मग आता?”

“आता एक माणूस ठेवतोय. फक्त इस्त्री बंद करायला.”

“आणि तो जेवायला गेला की?”

“ताई, तू कधी धंदा केला नाहीस.”