पाठीवरचा वाळा

खाली बस, सिदा. झोळी पाठीवर घेतलीस म्हंजे लगेच निघायलाच पायजे आसं न्हाई. टेक त्या लोकरीच्या गठ्ठ्यावर. पोरगी तुझी आसंल, पन पनती माझी हाय. अंधार पडल्यावर तिला घिऊन सासऱ्याकडं निघालास, आन् ते बी खिंडीच्या वाटंनं. मला इचारलंस? न्हाई. तुझा आज्जा बी इचारायचा न्हाई.

ऐका. बाकीच्यांनी बी ऐका, आन् जे हसत्यात त्यांनी आधी ऐका.

माझा नवरा धुळा. मेलेल्या मानसाला वंगाळ बोलू नये म्हनत्यात. मी बोलनार. माझा राग अजून गेलेला न्हाई.

तवा ही लखू, सिदाची आई, हिकडं बसलीया न्हवं, ती सहा महिन्यांची हुती. अंगात ताप, कपाळाला हात लावला की चटका बसायचा. डाक्टर खिंडीच्या पलीकडं. माझा पाय मोडलेला, मला उठता येईना. मी म्हनले, सडकेनं जा, लांब पडलं तरी जा. ह्यो म्हनला, खिंडीत काय वाघ बसलाय? लेकरू झोळीत घातलं, पाठीवर टाकलं आन् निघाला. दिवस बुडालेला.

आता आपल्या धनगरांची खोड तुमाला ठावी हाय. पाठीवर कोकरू आसू दे न्हाईतर लेकरू, आपन वळून बघत न्हाई. कान देतो. मानंपाशी श्वास वाजला, पाय हालला, की समजायचं, हाय. मग पाठीला त्याचं वजन आपसूक लागतं. त्या खिंडीत एक मेलेली बाई फिरती, तिनं हीच खोड बरुबर धरलीया. ती कोन हुती, कशी मेली, मला ठावं न्हाई, आन् मला तिची कीव बी न्हाई. तिला हात न्हाईत, येवढं ठावं हाय. तिला नुसता आवाज हाय, आन् त्यो जवळ आला की हात लावल्यागत अंगाला लागतो.

आधी लांब वाजली, पायातला वाळा वाजावा तशी. वरच्या कड्याला, छुम. धुळाला काय वाटलं न्हाई. लांबचा आवाज अंगाला लागत न्हाई. मग मागच्या वळनावर वाजली, तरी काय न्हाई. मग हातभर अंतरावर आली, आन् ह्याच्या मानंवर काटा उभा राहिला. कुनी बोट लावल्यागत. तवाच माघारी फिरायचं का न्हाई? न्हाई फिरला.

लखू, शेकोटीत शेनी घाल जरा. मधनं नको, सिदाच्या मागनं जा.

तर धुळा झऱ्यावर आला. लेकरू झोळीतनं काढलं, त्याच्या व्हटाला पानी लावलं, घोंगडीवर निजवलं खडकाशी. मग सवता वाकला. ओंजळ तोंडाला लावली, आन् कानामागं वाळा वाजला. अगदी कानामागं. लखूच्या पायातला वाळा, तसाच. मानंवर तिचा ऊन श्वास. पाठीला वजन. ह्याला वाटलं, आपन पोर कवाच झोळीत घातली. उठला आन् चालायला लागला. ताप आलेली माझी लेक खडकावर, आन् ह्यो बाबा रिकामी झोळी घिऊन डाक्टरकडं! एकदा वळून बघावं म्हनून सुचू नये?

माथ्यावर वारं लागलं. त्यानं डोक्याचा पटका सोडून कानावरनं घट्ट आवळला. आन् मानंवरचा श्वास गेला. पाठ रिकामी. पटका सैल केला, की लेकरू हाय, चिमुकली बोटं कानाला लागत्यात. आवळला, की न्हाई. अरं, कान झाकल्यानं खरं लेकरू हलकं हुतं का? तवा कुठं ह्यानं मागं हात घातला. हाताला नुसतं फडकं लागलं.

पळाला माघारी, तसाच कान बांधून. ती काय सोडती व्हय? पटका जरा सरकला, की नरड्याभवती बोटं. परत सरकला, की दरीच्या अंगानं माझा आवाज, आवं, हिकडं या, आन् खांद्याला हात लागतोय, वढतोय. ह्यानं दोन्ही तळवं कानावर दाबलं आन् पायानं वाट चाचपत उतरला. झऱ्यावर चाचपायला हात कानावरनं काढलं, तर डावीकडं रडन्याचा आवाज, उजवीकडं बी रडन्याचा आवाज. एकबी खरा धरला न्हाई. गुडघ्यावर बसून नुसतं हातानं चाचपत सुटला. धोंडा थंड, माती थंड, चिखल थंड. आन् मग कपाळ लागलं. चटका बसला. त्या तापानंच माझी लेक हातात दिली.

पोटाशी धरून सडकेला लागला. उजाडताना डाक्टर गाठला. लखू वाचली. पन धुळा मरंपतूर, कुठं वाळा वाजला की ह्याचा हात पाठीवर जायाचा.

आता सांग, सिदा. पोर झोळीत हाय न्हवं? निजलीया म्हनतोस. आत्ता वाळा वाजला, ऐकलास? मानंवर श्वास लागतोय? बरं.

मग मागं हात घाल.

घाल की.

काय झालं? तोंड का उतरलं तुझं? मघा गोष्टीत धुळा झऱ्यावर वाकला न्हवं, तवा तुझ्या आईनं मागनं पोर काढून घेतली. वाळा तिच्या हातात हाय, ती वाजवतीया तुझ्या कानामागं. पोर कवाची माझ्या पदराखाली निजलीया. आन् हितं ती खिंडीतली बी न्हाई. शेकोटी हाय, आपलीच मानसं हायती, तरी तुझी पोर गेली आन् तुला कळलं न्हाई.

त्या वाटंनं जायाचं न्हाई. तू न्हाई, कुनीच न्हाई. उजाडल्यावर सडकेनं जा, आन् पोर पोटाशी बांध, डोळ्यांम्होरं. आता ती झोळी काढ आन् गप झोप. पोर आज माझ्यापाशी ऱ्हाईल.