वरातीच्या चालीची गाडी

उधना दरवाजाच्या बसथांब्यावर माझ्या पुढे एक नवरा-बायको उभे होते.

"छत उघडणारी गाडी आहे, रत्ना. वरातींना भाड्यानं देऊ. जुनी आहे, म्हणून तर आपल्याला झेपतेय."

"फोटोत छत फाटलेलं दिसतंय."

"कापडाचंच आहे ना? सुरतेत कापडाला काय तोटा?"

"आणि त्याची उघडझाप करणारी मोटर?"

"ती बंद आहे. नवी बसवायची तर गाडीइतकाच खर्च. पण नवरदेवाला छत हवंय कशाला? आणि भर पावसाळ्यात लग्नं नसतात."

"बरं, छत राहू द्या. इंजिन तापतं का?"

"छे! मालक म्हणतो, हायवेनं कामरेजपर्यंत पळवून बघा."

"पळवल्यावर वारा लागतो, इंजिन गार राहतं. वरात पळते का? तास-दोन तास नाचणाऱ्यांच्या मागं सरकायचं असतं. मधेच वाफ निघाली तर नवरदेव उतरून धक्का मारणार?"

"मग बघायचं कसं?"

"उद्या भर दुपारी जाऊ. तुम्ही गाडी चालवा, मी पुढं पायी चालते. इथून पांडेसरा येईपर्यंत, तासभर तरी, मला ओलांडायचं नाही. आणि हॉर्न तर अजिबात वाजवायचा नाही."