तुटलेल्या धाग्याची प्रार्थना

नवा मध्यप्रदेश झाला त्या साली बुऱ्हाणपूरच्या मोटारस्टँडवर मी जसोंडी गावच्या मोटारीच्या रांगेत उभा होतो. पुढे एक तरुण विणकर अन् त्याची मावशी होती.

“मावशी, आज मी दिवसभर प्रार्थना केली.”

“शांतवन, तू? रविवारी चर्चमध्ये तर पेंगत बसतोस.”

“अगं, मागावर धागा तुटला की माझ्या तोंडून शिवी निघायची ना? पाळकसाहेब बोलले, शिवीच्या जागी प्रार्थना म्हण, धागा जोडेपर्यंत.”

“मग?”

“आज सूत इतकं खराब होतं, सारखं तुटत होतं. शेवटी मालकच आला. म्हणे, शांतवन, आज तुझी शिवी ऐकू नाही आली, बीमार आहेस का?”

“देवाची कृपा रे बाबा. पण उद्या चांगलं सूत आलं तर? मग प्रार्थना बंद?”

“शेजारच्या मागावर तर तुटेलच की.”

“भिकनच्या? त्याच्याशी तर तू वर्षभर बोलत नाहीस.”

“बोलत नाही. पण त्याची शिवी ऐकू येते. ती आली, की मी त्याच्यासाठी सुरू करीन.”