नेस्टर कोचचा बोला

मी दत्ताराम, गुहागरकडचा. घरात आमी पाच भाऊ आनि पाचही कबड्डीवाले, शेतात कमी आनि मैदानात जास्त, आय बोलायची मेल्यांनो कुनाचे पाय धरायची एवढी हौस हाय तर माझे धरा. पन मी पाइपफिटरचं काम शिकलो आनि त्याच कामावर दम्मामला गेलो, दोन हजार तीन की चार साल असंल, शहराच्या भायेर कंपनीचा कॅम्प, एका रूममध्ये सहा मानसं, माझ्या वरच्या खाटेवर श्रीवर्धनचा अब्बास, तो घोरायचा असा की खालती माझी खाट हलायची. पन त्याचं र्‍हाऊ दे, मी तुमाला नेस्टरचं सांगत व्हतो.

नेस्टर म्हंजे आमच्या स्टोअरचा कीपर, फिलिपिनो मानूस, बुटका, एका पायानं जरा लंगडा. त्याच्या मुलखात बास्केटबॉल म्हंजे आपल्याकडं कबड्डी नि क्रिकेट एकत्र करा तेवढं वेड, तिथं हा मोठ्या टीममध्ये खेळायचा, पेपरात फोटो आलेला, पाकिटात ठेवलेला आनि ज्याला त्याला दाखवायचा, मला तर चारदा दाखवला. मंग गुडघा गेला, खेळ गेला, आनि हा सौदीला येऊन नट-बोल्ट मोजत बसला. कॅम्पच्या मागं मोकळी जागा व्हती, तिथं ह्यानं स्वतः चुन्यानं रेषा मारल्या, टीम जमवली आनि झाला कोच. स्टोअरमध्ये त्याला कोन विचारत नव्हतं, पन त्या रेषांच्या आत गेला की लंगडासुद्धा दिसायचा नाय.

एकदा वर्कशॉपमध्ये माझ्याकडं आला, हातात चेंडू, बोल्ला दत्ता, मला रिंग पाहिजे, तिच्यातनं हा गेला पाहिजे. आता मी फिटर मानूस, काय सांगू तुमाला, मी चेंडूचं माप घेतलं आनि अशी रिंग केली की चेंडू जाईल पन वारा जानार नाय. नेस्टरनं लावली, चेंडू टाकला, तो वरती जाऊन बसला तो बसलाच, काठीनं काढावा लागला. मी बोल्लो लीकेज नाय ना. तो जमिनीवर बसून हसला. मंग पुढच्या दोन्ही रिंगा मी सढळ हातानं केल्या, त्यानं दिलेल्या मापापेक्षा बोटभर जास्तच, पुन्हा काठी नको.

त्या हसन्यातनं आमची दोस्ती झाली. पुढं कॅम्पाकॅम्पांतल्या फिलिपिनो टीमांच्या कपासाठी मॅचेस निघाल्या तर त्यात नियम, परत्येक टीममध्ये दोन मानसं दुसर्‍या देशाची पाहिजेत. नेस्टरनं मला नि अब्बासला घेतलं. पयल्या दिवशी चेंडू माझ्या हातात आला आनि हा लाइनीवरनं वरडतोय, बोला, बोला! आता एवढा कोच मानानं बोला बोलतोय म्हंजे थांबायला नको? मी थांबलो, बोल्लो काय बोलू? तेवढ्यात चेंडू गेला. असं चारदा झालं. मंग कळलं की त्यांच्या भाषेत बोला म्हंजे चेंडू. अब्बास बोल्ला, दत्ताभाव, ह्या मुलखात गप र्‍हानंच बरं. शिवाय मी सवयीनं पाय धरायचो, शिट्टी वाजायची, मी आपला धरूनच.

हे हसन्यावारी चाललं व्हतं तवर आमचा कॅम्प बॉस आला नि बोल्ला, खलास, ह्या जागेत टँकर लावनार. नेस्टरचं तोंड उतरलं. त्यानं बॉसला पयल्यांदाच पाकिटातला फोटो दाखवला. बॉस बोल्ला बरं, कप आना, मोठ्या ऑफिसात फोटो पाठवतो, मंग जागा र्‍हाईल. त्या दिवशी नेस्टर मला बोल्ला, दत्ता, गुडघा गेला तेव्हा मी रडलो नाय, कारन कोच व्हता येईल असं वाटलं. ही जागा गेली तर मंग मी कोन? मी त्याचा हात धरला.

फायनल आमच्याच कोर्टावर, जुम्म्याच्या दिवशी, असरच्या नमाजानंतर, उन्हं कलल्यावर. शेवटचं अर्धं मिनिट र्‍हायलेलं, आमी एका पॉइंटनं मागं, आनि चेंडू त्यांच्या एका काळ्यासावळ्या मानसाकडं. मी त्याला आडवा गेलो, तो धडपडला आनि त्याच्या तोंडातनं आलं, आयला! काय सांगू तुमाला, अरे हा तर आपला मानूस! मॅच विसरलो, कप विसरलो, टँकर विसरलो, मी हसून बोल्लो, बोला पावनं, गाव कंचं? आनि त्यानं चेंडू माझ्या हातात दिला. त्याच्याबी कोचनं महिनाभर त्याला शिकवलं असनार, बोला म्हंजे चेंडू, मागितला की द्यायचा. मी बघतोय चेंडूकडं, तो बघतोय माझ्याकडं, अब्बास वरडला, पळ रे दत्ता! मी पळालो तो कबड्डीत मधली रेषा गाठायला पळतात तसा आनि दिला फेकून. चेंडू रिंगवर नाचला, एक फेरी, दुसरी फेरी, आनि पडला आत. खर्‍या मापाची रिंग असती तर भायेर गेला असता.

नेस्टर लंगडत धावत आला नि माझ्या गळ्यात पडून रडला. जागा र्‍हायली, कॅम्प उठेस्तवर र्‍हायली, आनि हा सगळ्यांना सांगत फिरला, दत्ता काय डोकेबाज, शत्रूला त्याच्या भाषेत फसवला. मी आपला मान डोलवायचो. त्या पावन्यानं मात्र मला गाव शेवटपर्यंत सांगितलं नाय.

आता मी गावाला असतो, पोरींना कबड्डी शिकवतो, दम गेला की वरडतो, बोला, बोला! नेस्टर त्याच्या गावात शाळेचा कोच हाय, गुडघा आता वाकत नाय, खुर्चीवर बसून शिकवतो. मधी फोन आला तेव्हा मी धीर करून सांगून टाकलं, नेस्टर, मी फसवलं नव्हतं रे, मी खरंच गाव विचारलं. तो एवढा हसला की त्याला खोकला आला. बोल्ला, मला तवाच कळलं व्हतं, फसवनारा मानूस एवढा खूश दिसत नाय. पन कोचनं खेळाडूचा मान ठेवायचा असतो.

देव त्याला सुखात ठेवो. त्याचा फोन आला की मी सवयीनं बोलतो, हां, बोला. तो तिकडनं सांगतो, हाय माझ्याकडं, टाकू का?