पहिलं नाव माझंच

दवाखान्यात माझ्या शेजारी शिलाई मशीन दुरुस्त करणारा एकजण आणि त्याची धाकटी बहीण बसली होती.

“खोटारडा आहे हा फोन! वर्षभर रोज ‘शिलाई मशीन दुरुस्ती’ शोधून बघतोय. पहिलं नाव माझ्याच दुकानाचं!”

“दादा, बघतोस कुठून?”

“दुकानातूनच. आणखी कुठून बघणार?”

“मग जवळचं दुकान आधी दाखवणारच ना तो! त्यात तू रोज त्याच नावावर बोट ठेवतोस. त्याला वाटतं, ह्याला हेच हवंय.”

“आणि तुझ्या घरून?”

“पुलापलीकडची तीन दुकानं येतात. तुझं पार खाली.”

“वा रे वा! माझ्या तोंडावर माझी वाहवा, आणि गिऱ्हाइकाला दुसऱ्याचा पत्ता?”

“ओरडू नकोस, लोक बघतायत.”

“बघू देत! मला वाटायचं, सगळ्यांना हेच दिसतंय.”

“वहिनीला सांगितलंस हे?”

“कुठल्या तोंडानं सांगू? वर्षभर तिलाच बोलतोय. ‘दुकान तर पहिलं दिसतं, तरी गिऱ्हाईक येत नाही, म्हणजे तूच फोनवर फटकून बोलत असणार.’ गेल्या महिन्यात दुकानाचा फोनसुद्धा तिच्याकडून काढून घेतला.”

“दादा!”

“हो गं.”

“आणि खोटारडा फोन? त्यानं वहिनीचं नाव तरी घेतलं होतं का?”

तेवढ्यात नर्सनं त्यांचा नंबर पुकारला. बहीण उठली.

“चल.”

“तू हो पुढे. मी घरी फोन लावतो. उचलेल ना गं ती?”