जमतंय की!

आमच्या आबांचं डोकं म्हंजे काय सांगू तुम्हाला! लकव्यानं त्यांच्या उजव्या हातातला जोर गेला, बोटं मिटंनात, तरी अपंगाचा दाखला नामंजूर. का? तर डॉक्टरनी घाईघाईत इचारलं, "हातानं काम जमतंय का?" आणि मागं रांगेत गावातली चार माणसं बसलेली. त्यांच्यासमोर ह्यो गडी म्हणतोय कसा, "जमतंय की! त्याला काय हुतंय?"

झालं, कागदावर तसंच आलं.

मग अपील केलं, हेलपाटं घातलं. परत तपासणीची तारीख आली तवा मी बजावलं, "आबा, आता 'जमतंय की' म्हणलासा, तर तिथंच सोडून येतो बघा."

ह्या वक्ताला डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी इचारलं, "आबा, काम काय करत होता?"

"म्हशीची धार काढायचो."

"आता कोण काढतं?"

"सून काढती. पर माझा हात पाठीवर पडल्याबिगर म्हस पान्हा सोडत न्हाय. म्हणून मी नुसता शेजारी हुबा ऱ्हातो."

बाईंनी आबांचा हात हातात घेतला. मग बोटं एकेक करून नीट तपासली. दाखला मिळाला.

एसटीत मी खुशीत म्हणलो, "आबा, जिंकलो की!"

आबांनी डाव्या हातानं कागद खिशात सारला. म्हणाले, "सरकारला पटलं रं. पर ती म्हस अजून मान वळवून माझीच वाट बघती. तिला कोण सांगणार?"